साइट नऊवरचा कॉल

१

शुभदाला कोणी विचारलं, की बाई, तुम्ही नेमकं करता काय, तर ती एवढंच सांगायची, "ऑफिसं जोडते." समोरच्याचं त्यानं समाधान व्हायचं नाही, आणि ते साहजिकच होतं. आरोग्यवेध ही रक्ताबिक्ताच्या तपासण्या करणारी कंपनी. चार वर्षांपूर्वी तिच्या शाखा होत्या आठ, आता झाल्या सव्वीस. म्हैसूरच्या शाखेत सुई टोचलेल्या माणसाचा रिपोर्ट बंगळुरातल्या बेळ्ळंदूरच्या मुख्य ऑफिसात दिसला पाहिजे, बेळगावहून लावलेला फोन व्हाइटफील्डला वाजला पाहिजे, आणि हे सगळं एकाच घरातल्या खोल्यांसारखं बिनबोभाट चाललं पाहिजे. त्या घराचा नकाशा काढणारी ही बाई.

जुना नकाशाही तिचाच होता. त्यात सगळ्या शाखांच्या लाइनी बेळ्ळंदूरच्या एकाच मशीनला येऊन मिळायच्या. आठ शाखांना ते पुरलं, सव्वीसांना कुठलं पुरतंय! मशीनला जरा धाप लागली की हुबळीपासून मंगळूरपर्यंत सगळे बोंब मारायचे, आणि तिचा साहेब गिरीधर तिच्या टेबलाशी येऊन कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. तीन महिने खपून तिने नवा नकाशा काढला. मुख्य केंद्रं दोन, बेळ्ळंदूर आणि व्हाइटफील्ड. प्रत्येक शाखेला वाटा दोन, एक तुटली तर दुसरी. शनिवारी दुपारी जुनं मशीन कायमचं बंद करायचं ठरलं.

बंद करायचीही त्यांची एक पद्धत होती. गिरीधरने पूर्वी एकदा चालू फोन तोडून एका डॉक्टरांची भरपूर बोलणी खाल्ली होती. तेव्हापासूनचा नियम असा, की आधी चालू कॉलांची यादी काढायची आणि तिच्यात शून्य दिसल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही.

गुरुवारी सकाळी, झाडलोट करणाऱ्या कमलाअक्काशिवाय ऑफिसात कोणी नसताना, शुभदाने रंगीत तालीम म्हणून ती यादी काढून पाहिली. सगळ्या शाखांचे फोन आधीच नव्या केंद्रांवर गेलेले होते, तेव्हा शून्यच दिसायला हवं होतं. पण एक कॉल दिसत होता.

साइट नऊ. स्थिती: होल्ड. अवधी: एक हजार चारशे चौसष्ट दिवस.

शुभदाने लॅपटॉप मिटला आणि उठून पाणी पिऊन आली.

२

आता साइट नऊ म्हणजे काय ते सांगायला हवं. चार वर्षांपूर्वी शाखा आठच होत्या. नववी साइट म्हणजे शुभदाचं स्वतःचं घर.

बनशंकरीतलं, सासऱ्यांनी बांधलेलं बैठं घर. नवऱ्याचं नाव बिंदुमाधव, पण घरचेदारचे सगळे माधवच म्हणायचे. चार पिढ्या बंगळुरात काढलेलं घराणं, चिकपेटेत कापडाचं दुकान, आणि मराठी अशी की निम्मी कन्नड, 'जरा'ला स्वल्प आणि 'बरं'ला सरी. शुभदा पुण्याची. लग्नानंतर वर्षभर आपली बायको "म्हणजे काय?" याशिवाय दुसरं काही बोललीच नाही, असं तो चारचौघांत सांगायचा. ती चिडली की आणखी रंगवून सांगायचा.

दोन हजार एकवीसच्या मेमध्ये गाव बंद होतं आणि लॅब मात्र चोवीस तास चालू होती. तेव्हा शुभदाने घरालाच शाखा करून टाकलं. एक छोटं राउटर आणि दोन टेबलफोन. एक फोन हॉलमध्ये, तिच्या कामाचा, कायम स्पीकरवर. दुसरा जास्तीचा होता. माधवला ताप आला आणि तो मागच्या खोलीत जाऊन पडला, तेव्हा तिने तो त्याच्या उशाशी ठेवला, कारण त्या खोलीत मोबाइलला रेंज नसायची. लेक केतकीला आधीच जयनगरला आत्याकडे पाठवलं होतं. दार बंद, मध्ये एक भिंत, आणि नवरा-बायको ऑफिसच्या फोनवर एकमेकांना "जेवलास का?" विचारताहेत, असे ते दिवस होते.

पाच मे, बुधवार. सकाळी दहा वीसला त्याचा फोन आला. शुभदा मीटिंगमध्ये होती. मंगळूरची लाइन पडली होती आणि तिथे तीनशे माणसं रिपोर्टसाठी खोळंबली होती. माधव म्हणाला, "शुभदा, स्वल्प येतेस का ग इकडे? छातीत कसंतरीच होतंय."

"दोन मिनिटं," ती म्हणाली. "होल्डवर टाकते. ठेवू नकोस हं."

"सरी, सरी," तो म्हणाला. "तू काम कर."

त्या दोन मिनिटांची चाळीस मिनिटं झाली.

लोकांना तिने सांगितलं, झोपेत गेले. केतकीलाही तेच सांगितलं. आधी फोन आला होता, तो आपण होल्डवर टाकला होता, हे तिने आजवर कोणापुढे ओठांवर येऊ दिलं नव्हतं. केतकी आता पुण्याला शिकते, रोज संध्याकाळी आईला फोन करते, आणि फोन वाजला की पहिल्या रिंगलाच आई कशी काय उचलते याची तिला मोठी गंमत वाटते.

३

शुभदा काही भुताखेताला मानणारी नव्हती. मशीनमध्ये खोट्या नोंदी राहतात हे तिला दुसऱ्या कोणी सांगायची गरज नव्हती. गेल्या वर्षी ऑफिसचा मजला बदलला तेव्हा हे मशीन आठ दिवस खोक्यात बंद पडून होतं. कुठला कॉल जिवंत राहणार? जुन्या बॅकअपमधून एक ओळ उचलली गेली असेल, झालं. असं स्वतःला बजावून तिने साइट नऊला एक साधी हाक पाठवली. त्यांच्या धंद्यात हे दिवसातून पन्नासदा करतात. पत्त्यावर हाक पाठवायची, तिथे कोणी असेल तर ओ येते, आणि ओ यायला किती वेळ लागला तो आकडा दिसतो.

ओ आली. तीन मिलिसेकंद.

बेळ्ळंदूरहून बनशंकरीला जाऊन परत यायला तेवढाच वेळ लागायचा. हा आकडा तिला पाठ होता.

"रूपश्री," तिने हाताखालच्या मुलीला विचारलं, "साइट नऊचं राउटर आपण कुठे ठेवलंय?"

"कपाटात असेल मॅडम, खालच्या खणात." रूपश्री शिमोग्याची, कामाला वाघीण. तिने खाली बसून खोकं बाहेर ओढलं. वर शुभदाच्याच अक्षरात चिठ्ठी होती, आत राउटर, त्याभोवती गुंडाळलेली वायर, आणि सगळ्यावर चार वर्षांची धूळ. शुभदाने ते हातात घेतलं. गार होतं.

"पण मॅडम, इथे तर चालू दिसतंय," रूपश्री स्क्रीनकडे बघत म्हणाली. तिथे ओ येतच होती, एकामागून एक, तीन, तीन, तीन.

"कुठल्या तरी शाखेला आपण चुकून तोच पत्ता दिला असणार," शुभदा म्हणाली.

हे अगदी पटण्यासारखं होतं. रूपश्रीने संध्याकाळपर्यंत सव्वीसच्या सव्वीस शाखा तपासल्या. तो पत्ता कुठेच नव्हता.

४

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत शुभदा रिक्षा करून बनशंकरीला गेली. सुट्टी एका तासाची, रिंग रोडची वाहतूक दीड तासाची, पण तिला बसवेना.

घर तिने तीन वर्षांपूर्वीच विकलं होतं. ते पाडलं हे ऐकून माहीत होतं, बघायला मात्र ती कधी गेली नव्हती. आता तिथे निळ्या पत्र्यांचं कुंपण होतं आणि आत मोठा खड्डा, दोन मजले खोल. तळाशी सळया उभ्या केल्या होत्या. शेजारच्यांच्या भिंतीवरून तिने अंदाज बांधला. इथे हॉल, इथे स्वयंपाकघर, आणि मागची खोली, म्हणजे ती जिथे होती तिथे, आता नुसती हवा होती. ऊन होतं. खाली एक माणूस सळया मोजत होता.

"यारु बेकु अक्का?" वॉचमनने विचारलं. कोण पाहिजे?

"यारू इल्ला," ती म्हणाली. कोणी नाही.

पर्समधल्या मोबाइलवर तिने ती हाक चालू ठेवली होती. काढून पाहिलं. ओ येत होती. ती खड्ड्याच्या अगदी कडेला उभी होती आणि समोरच्या रिकाम्या जागेतून कोणीतरी तिला नेमाने ओ देत होतं.

आता खरं सांगायचं तर भीती वाटत होती. पण भीतीच्याही खाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे कबूल करायची तिची छाती होत नव्हती. परतीच्या रिक्षात, सिल्क बोर्डच्या चौकातल्या कोंडीत, ते आपोआप शब्दांत आलं. ठेवू नकोस, असं आपण म्हटलं होतं. त्याने ठेवला नाहीये.

ती रडायला लागली तसा रिक्षावाल्याने रेडिओ बंद केला.

५

शनिवारी दुपारी बेळ्ळंदूरच्या ऑफिसात ती एकटीच होती. रूपश्री व्हाइटफील्डच्या केंद्रावर बसली होती, गिरीधर घरून फोनवर होता. मशीनच्या खोलीत थंडगार हवा, पंख्यांची घरघर, काचेपलीकडे रिंग रोडवरच्या गाड्या. एक-एक करत सगळी कामं झाली. नवा नकाशा उभा राहिला, आणि काय देखणा उभा राहिला! मंगळूरची एक लाइन मुद्दाम तोडून बघितली, दुसरीने तिची जागा घेतली आणि तिथल्या कोणाला कळलंसुद्धा नाही. त्या दिवशी अशी दुसरी वाट असती तर, असं तिच्या मनात आलं, आणि तिने ते तिथेच दाबलं.

"शुभदा, झीरो झाले?" गिरीधरने विचारलं.

"एक आहे."

"कुठला?"

"साइट नऊ. जुनी खोटी नोंद आहे."

"मग तोड की. एक बटण दाबायचं, त्यात काय एवढं? पोरं जेवायची थांबलीत इथे."

"दोन मिनिटं द्या," ती म्हणाली, आणि आपल्या तोंडून काय निघालं हे ऐकून तिने फोनच बंद केला.

यादीतल्या त्या ओळीपुढे दोन बटणं होती. एकाने कॉल तुटतो, दुसऱ्याने होल्ड निघतो. तोडलं तर खोटी नोंद पुसली जाईल, संध्याकाळी घरी जाता येईल, केतकीशी बोलता येईल. आणि नोंद खोटी नसेल तर? तर आपण दुसऱ्यांदा, ह्या खेपेला चांगलं समजूनउमजून, त्याला तसाच सोडून दिला असं होईल. मरेपर्यंत हे डोक्यातून जाणार नाही. एवढं तिला लख्ख कळलं.

तिने टेबलावरचा रिसीव्हर कानाला लावला आणि होल्ड काढला.

६

आधी पंखा ऐकू आला. प्रत्येक फेऱ्याला टक् करणारा पंखा. तो दुरुस्त करायला माणूस बोलवायचं माधव दोन वर्षं नुसतं म्हणत होता.

मग श्वास. वरवरचा, अडकत येणारा. मध्ये थांबून पुन्हा सुरू होणारा.

"माधव!" ती ओरडली. "माधव, मी आहे, मी बोलतेय!"

श्वास तसाच चालू राहिला. ऐकल्याची काही खूण नाही. आणि त्या श्वासाच्या मागून, भिंतीपलीकडून, एका बाईचा आवाज येत होता. खणखणीत, घाईतला, कामात बुडालेला. "मंगळूर, आता बघा. अजून एकदा रीस्टार्ट करा. हो, मी आहे लाइनवर, कुठे जात नाहीये मी."

शुभदाला तो आवाज ओळखायला जरा वेळ लागला. स्वतःचा आवाज असा बाहेरून कुठे ऐकलेला असतो आपण?

हे ऐकत तो पडला होता. चाळीस मिनिटं तो हे ऐकत होता.

कसंबसं तिने डोकं ताळ्यावर आणलं. तिकडचा आवाज येतो आणि इकडचा जात नाही, ह्या तक्रारी तिने शेकड्यांनी सोडवल्या होत्या. कारण नेहमी एकच, आवाजाला परतीची वाट नसते. साइट नऊची ती वाट तिनेच पुसली होती. माधवच्या तेराव्यानंतर कामावर आली त्या दिवशी, सगळ्यांत आधी. मशीनमधली घराची बाकी नोंद तिच्याच्याने पुसवली नव्हती, पण आवाजाची ओळ पुसली होती. आता ती परत लिहायची म्हणजे एका ओळीचं काम.

घाईत ती ओळ तिने तीनदा चुकवली.

७

चौथ्यांदा बरोबर लागली. तिने रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"माधव, ऐक. मी येतेय. तिला पाठवतेय. शुभदा! अग शुभदा, ऊठ! सोड ते मंगळूर, मरू दे! आत जा आधी, आत जा, तो वाट बघतोय ग..." पुढचे शब्द शब्द राहिले नाहीत. ती नुसती ओक्साबोक्शी रडत होती.

आवाज पोचला. पण माधवच्या फोनवर नाही, भिंतीपलीकडे, हॉलमधल्या स्पीकरवर, मंगळूरच्या त्या चालू मीटिंगमध्ये तो पोचला. एका बाईचं रडणं फाटक्या, खरखरत्या आवाजात त्या घरात घुमलेलं तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं. मग गिरीधरचा बारीक आवाज आला, "अरे, कोणाच्या घरी काय झालं?" आणि मग भिंतीपलीकडची शुभदा थकलेल्या आवाजात म्हणाली, "कोणाची तरी लाइन उघडी राहिलीये. बिचारी. मी म्यूट करते."

बीप वाजला. रिसीव्हरखालचा दिवा लाल झाला.

तेव्हा तिला आठवलं. हो, एक बाई रडत होती त्या दिवशी. त्या महिन्यात कोणाच्या ना कोणाच्या घरी रडणं चालूच असायचं, मीटिंगमध्ये कोणाचं तरी रडणं शिरायचं, आणि लोक काही न बोलता ती लाइन बंद करायचे. तिनेही केली होती. नंतर तिच्या मनात त्याचा विचारसुद्धा आला नव्हता.

ती ओरडून बघत राहिली, पण इकडचं आता काही जात नव्हतं. तिकडचं मात्र येत होतं.

"शुभदा?" माधव म्हणाला. फोनमध्ये नाही, भिंतीकडे तोंड करून. "रडतेस का ग?"

पलंग करकरला.

"रडू नको. मी आहे की. आलो हं, स्वल्प थांब." त्याने पाय खाली टाकले असावेत. मग फरशीवर फरपटत टाकलेली पावलं, एक, दोन, मध्ये खूप वेळ, तीन. तो तिला दारापाशी सापडला होता. झोपेत गेले म्हणून सगळ्यांना सांगितलं, पण सापडला होता तो दाराशी, एक हात कडीकडे नेलेला. तापाने फणफणलेला माणूस पलंगावरून उठून तिथवर कशाला गेला, हे तिला आजवर उमगलं नव्हतं. मदतीला हाक मारायला आला असेल असं ती धरून चालली होती.

काहीतरी जड खाली बसल्यासारखा आवाज झाला. त्यानंतर श्वास दुरून येऊ लागला.

मोबाइलवर गिरीधरचं नाव चमकत राहिलं. तिने तो पालथा घातला, खुर्ची ओढली आणि बसली. बंद लाइनवर ती त्याच्याशी बोलत होती. केतकीला कुठल्या कॉलेजात प्रवेश मिळाला ते सांगितलं, दुकान आता त्याचा चुलतभाऊ बघतो ते सांगितलं, पंखा दुरुस्त करायला हवा होता म्हणून रागेही भरली. भिंतीपलीकडे मंगळूर सुरू झालं. टाळ्या वाजल्या. श्वासांमधलं अंतर वाढत गेलं आणि एकदा पुढचा श्वास आलाच नाही. पंखा तेवढा टक् टक् करत फिरत होता.

रूपश्री व्हाइटफील्डहून नव्या लाइनीवर हाका मारत होती, "मॅडम, झीरो झालं का? मॅडम?"

हॉलमध्ये खुर्ची सरकली. "माधव, सॉरी रे, सॉरी, झालं माझं," असं म्हणत, चपला ओढत, ती दुसरी मागच्या खोलीकडे यायला लागली. तिच्या आवाजात अजून काहीच नव्हतं, नुसता दमलेपणा होता. शुभदाला पुढचं सगळं ठाऊक होतं. रिसीव्हर खाली ठेवला असता तर ते पुन्हा ऐकावं लागलं नसतं. पण तिने तो ठेवला नाही. त्या बाईला त्या खोलीत एकटीने शिरावं लागू नये, एवढंच आता तिच्या हातात होतं.